मानलेली बहीण

१८ जून

पोचले एकदाची! तूरिनहून रात्रभर आगगाडी, मग दक्षिणेतल्या बारी शहराहून बस. शेजारच्या बाईने आग्रहाने इतकी खारी ताराल्ली, म्हणजे इकडची कडबोळी, खायला घातली की जीभ सोलवटली.

रोझाल्बा थांब्यावर उभी होती. तीस वर्षांपूर्वी तूरिनच्या कापडगिरणीत आमचे माग शेजारी होते. जीभ तेव्हाही तिचीच जास्त चालायची. बघताक्षणी म्हणाली, वाळवलेल्या माशासारखी दिसतेस. मी म्हटलं, तू पिंपासारखी. मग दोघी रडलो.

निवृत्तीनंतरची ही माझी पहिली सुट्टी. या वसंतात रोझाल्बाने चार पत्रं पाठवली, ये, ये म्हणून. किल्ला, बंदर, जुनं चर्च, सगळं पाहायची यादी केली आहे.

१९ जून

किल्ला पाहिला. बंदरावर कोळी ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ करत होते, तेही अर्धा तास पाहिलं.

दुपारी एक ते चार मात्र इथे सगळ्या खिडक्या बंद. उन्हाच्या त्या वेळेत बाहेर पडायचं नाही, रोझाल्बाने दोनदा बजावलं, ती वेळ समुद्राची म्हणे. आम्हा उत्तरेकडच्यांना हा आळसच वाटतो.

तिची लेक ग्राझिएल्ला चोवीस वर्षांची, अबोल आहे. मार्चमध्ये खडकांना चिकटलेले काटेरी समुद्री साळू खाण्यासाठी गोळा करताना लाटेने तिला ओढून नेलं. तीन दिवसांनी आपल्या पायांनी घरी आली. रोझाल्बाने हे कडू औषध गिळावं तसं भराभर सांगून टाकलं. पोरीचे केस ओले होते, नुकतीच न्हाली असावी.

२१ जून

ग्राझिएल्लाचे केस अजून ओलेच. या उन्हात चादरी अर्ध्या तासात कडकडीत वाळतात. मी टॉवेल घेऊन पुसायला गेले, तर तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला पोहता येतं का?"

नाही म्हटलं. रोझाल्बाने तिला लगेच स्वयंपाकघरात पिटाळलं. मग माझा हात धरून म्हणाली, परवा, सान जोव्हान्नीच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या आदल्या दिवशी, आपण बहिणी होऊ. सख्ख्या बहिणी भांडतात, पण संताला साक्ष ठेवून मानलेली बहीण रक्ताहून जवळची. त्यात दगाफटका केला तर तो संत खपवून घेत नाही.

मला ना आई, ना भाऊ, ना नवरा. या वयात कुणी बहीण म्हणेल असं वाटलं नव्हतं. लाज सोडून रडले.

२३ जून

सकाळी अंगणात विधी झाला. तुळशीच्या कुंड्या एकमेकींना दिल्या. तिच्या हिरव्या रुमालाने दोघींची मनगटं बांधली, तीन गाठी मारल्या. मग शब्द: माझं ते तुझं, तुझं ते माझं. मी मोठ्याने म्हटले.

शेजारणी पाहायला जमल्या होत्या. एका म्हातारीने मला मिठी मारली, मयताच्या घरी मारतात तशी. त्यानंतर रोझाल्बाने माझ्याकडे पाहिलेलं नाही.

दुपारी उठले तर माझी पांढरी वेणी ओली. घाम असेल. पाणी प्यायले तर खारट लागलं.

२४ जून, सकाळ

यादीतलं चर्च राहिलं होतं. तिथे समुद्रातून वाचलेल्यांच्या घरचे लोक नवसाची चित्रं टांगतात. शेवटचं नवं होतं. खडकावर चढून येणारी ग्राझिएल्ला. खाली पाण्यात एक बाई, पांढरी वेणी, मनगटाला हिरवा रुमाल.

तारीख मार्चची. मला पहिलं पत्र एप्रिलमध्ये आलं.

चर्चच्या सेवकाला विचारलं. तो मेणबत्त्या लावत राहिला. म्हणाला, "बाई, समुद्र माणूस परत देतो, पण बदल्यात त्याच घरचं माणूस घेतो. परकं चालत नाही."

म्हणून बहीण.

दुपारी बारा

सणामुळे आज बस नाही. चार दारं ठोठावली, एकही उघडलं नाही. आतून श्वास ऐकू येत होते.

रोझाल्बाला गाठलं. ती खोटं बोलली नाही. "एर्मि, ती माझी लेक आहे गं. आणि तुझ्यामागे रडणारं कोण आहे?"

हे मीच तिला लिहिलं होतं. एका नाताळात, फार एकटं वाटलं तेव्हा. तिने ते पत्र जपून ठेवलं, आणि असं वापरलं.

मागितलं असतंस तर कदाचित दिलंही असतं. पण विचारलं नाहीस — चार पत्रं लिहिलीस, आणि एकातही —

एक वाजला

खिडक्या लागल्या. माझ्या खोलीचं दार सताड उघडं. कुणी ओढत नाही. पाय आपोआप उंबऱ्याकडे — खुर्चीला धरून लिहिते आहे —

वेणीतून पाणी गळतंय, शाई पसरते —

खाली ग्राझिएल्ला केस विंचरते आहे. कोरड्या केसांतून फिरणारा कंगवा — रोझाल्बा हसली. गिरणीतलं तेच हसू, माझ्या शेजारच्या मागावरचं —

संत खपवून घेत नाही म्हणे. अजून तरी —

हात सुटला. मी जिन्यावर — वही भिजली — माझं ते —