घरी पोचवणारा विमा

तीर्थरूप बाबा,

मी परदेशी शिकायला निघाले, तेव्हापासून तुम्ही अबोला धरलाय. आज कॉलेजच्या खिडकीवर मी विमा निवडला. फार आजारी पडले तर विमानाने घरी पोचवणारा. फॉर्मवर पत्ता आपला लिहिला, नंबर तुमचा.

"लागतो ना हा नंबर?" म्हणत तिथल्या मराठी कारकूनबाईंनी स्पीकरवर फोन लावलासुद्धा.

"तुमच्या मुलीच्या विम्यासाठी..." एवढंच त्या बोलल्या.

"काय झालं तिला?" तुमचा आवाज चिरकला.

"काही नाही हो, नंबर तपासतेय."

मग तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे नंबर. मी विचारलं, हे तिला सांगू नका."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सही केली. रडूही आलं नाही.

हे पत्र पाठवणार नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही, बाबा.

तुमची,
धाकटी