स्प्रूसची फळी

आबा, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता तुमच्या सुनेनं हे लिहिण्याला अर्थ नाही. तरी लिहिते. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि मी शिरूरहून लग्न होऊन दौंडला नवीनच आले होते. रेल्वेच्या क्लबातला पियानो तडकला, तेव्हा पियानो शिकवणाऱ्या बाई तुम्हाला शोधत आल्या. असलं काम अंगावर घेणारे सुतार गावात तुम्ही एकटेच. पियानोच्या पोटातली रुंद फळी तुम्ही सोडवून घरी आणलीत. बाई म्हणाल्या, हे स्प्रूसचं लाकूड, दूरच्या थंड मुलखातल्या पावसाळी जंगलातलं. "ये पेड़ बारा महीने हरा रहता है, मिस्त्री." तुम्ही म्हणालात, "आमचं दौंड चार महिनं हिरवं, आठ महिनं धुरळा." बाई खूप हसल्या.

तुम्ही सरस लावून तड सांधलीत, फळी पडवीत ठेवलीत आणि एका घराची दारं बसवायला दोन दिवस कासुर्डीला गेलात. फळी पांढुरकी, कोरडी ठणठणीत होती. माझ्या आईकडे नवी काठवट आली की तेल चोळून मुरवायची पद्धत. लाकूड तहानलेलं ठेवू नये, असं आई म्हणायची. मी करडईचं तेल घेतलं, फळीला दोन्ही अंगांनी चोळलं, जास्तीचं भुशानं टिपून काढलं. तेलाचा वास काय, आपल्या घरात सगळ्यालाच होता.

तुम्ही परत येता, फळी उचलता, टिचकी मारता. "कोरडं हाय म्हणून तर वाजतंय हे. तेलपाणी काय लागू द्यायचं न्हाई," मला समजावून सांगता. पुन्हा टिचकी मारता आणि थांबता.

"आज जड का लागतंय, सूनबाई?"

"दमून आलाय, आबा."

"व्हय. वय झालं आता."

चार दिवसांनी फळी बसवलीत. बाईंनी पट्ट्या दाबल्या, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. "मिस्त्री, आपने तो मार डाला इसको." तुम्ही घरी येऊन हात उलटसुलट करून पाहत बसलात. "हात गेला माझा," एवढंच म्हणालात. त्यानंतर दारं केलीत, औतं केलीत, पण नाजूक काम कुणी आणलं की परत पाठवलंत.

मागं एकदा त्या झाडाचा फोटो पाहिला. बुंध्यावर शेवाळ, फांद्यांमधून पाणी गळतंय. जन्मभर पावसात उभं राहिलेलं झाड, त्याला मी तहानलेलं समजले. पण ती चूक होती, तिचं एवढं काही नाही. सांगायला तुमची पुढची अकरा वर्षं होती. रोज तुमच्यासमोर ताट ठेवत होते.

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, आणि हा कागद त्यांच्या हाती लागू देणार नाही. आबा, तुम्ही हात गेला म्हणालात, तेव्हा मी चुलीपाशी होते. मला हायसं वाटलं होतं.