पहिली भाकर

अप्पा,

तब्येत विचारत न्हाई. माझी तुम्ही कधी विचारली न्हाई.

चिंताकीला आपल्या घरी तव्यावरची पहिली भाकर मी तुमच्या ताटात वाढायची. तुम्ही काठ मोडून बघायचात आन् ताट सरकवायचात. काय चुकलं ते कधी सांगितलं न्हाई, चांगली झाली असंबी न्हाई. बारा वर्षांची मी दाराआडून तुमचं तोंड बघत उभी राहायची.

आता मैलूरला मुलींच्या वसतिगृहात सैपाक शिकवायलेय. परवा दहावीतली मंजुश्री भाकर घेऊन माझ्यामागं आली. "अक्का, आमच्या अप्पाला आवडंल का ही?"

मी म्हणलं, "तुझे अप्पा हितं न्हाईत. तू खा आन् तूच सांग."

तिनं भीत भीत घास खाल्ला. "काठ कच्चा हाय. पण चांगली हाय." मग दुसरी थापायला बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

तवापासून आमच्यात पहिली भाकर करणारीनंच खायची.

हे पत्र मी टाकणार न्हाई. टाकलं तर तुम्ही वाचून कसं हाय म्हणता, त्याची वाट ही चाळीस वर्षांची मी पुन्हा बघत बसंन.

तुमचं सरकवलेलं ताट उचलणारी,
शिवकन्या