सुई न दिलेली उंदरं

बेंगळूर

आये, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय.

मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. प्रयोगशाळेत, तुझ्यासारखाच साखरेचा आजार मुद्दाम जडवलेल्या उंदरांची निगा माझ्याकडं हाय. पिंजरे धुवून धुवून कंबर धरते, एवढंच.

नवं औषध तपासायला निम्म्या उंदरांना सुई देतात, निम्म्यांना देत न्हाईत. न दिलेली पाणी पिऊन पिऊन वाळत गेली. त्यातली दोन मेलेली आज मीच उचलली.

काशीअक्कानं रामनगरहून फोन केला. म्हणाली, "आयेनं सुई सोडली. बरं वाटतंय म्हणते."

डॉक्टरांना विचारलंस का? पायाची जखम भरली का? खरं कळव.

लई दमलोय, आये. त्या उंदरांना सुई हवी का, कुणी विचारत न्हाई. तुझी तुझ्या हातात हाय. घे.

तुझा शिवानंद