आठवी पाकळी

अहमदनगर,
रविवार, ९ फेब्रुवारी १९४७

प्रिय राधाकृष्ण,

तुझं पत्र मिळालं. ‘संपादकांनी कात्री लावली, माझा इलाज चालला नाही’ हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. एकदा सुरुवातीला, आणि एकदा ताज्या कलमात, खाली रेघ ओढून. ते पत्र खिशात घालून मी गावभर हिंडलो. माळीवाड्याच्या वेशीतून आत, दिल्ली दरवाजातून बाहेर, पुन्हा आत. चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. एकात नुसत्या शिव्या होत्या. तुला ते आवडलं असतं, लय होती त्याला. हे पाचवं. हे मी साधं लिहिणार आहे. आपण दोघांनी साधं लिहायची सवय कधीच मोडून टाकली, तेव्हा अडखळलो तर हसू नकोस.

आपलं पुस्तक आठवतं? नगरच्या दगडांचं पुस्तक. त्याला पहिलं पान नको, वेशी हव्यात, वाचणारा वाटेल त्या वेशीतून आत शिरेल, असं मी म्हणालो होतो. आणि तू म्हणाला होतास, ‘आणि बाहेर पडायला सापडलं नाही तर पैसे परत.’ कॉलेजच्या सुट्टीत भाड्याच्या सायकली घेऊन आपण दमडी मशिदीची नक्षी बघत बसायचो. तू तिथली एकेक वेल वहीत उतरवायचास आणि मी उन्हात पाठ टेकून तिच्यावर वाक्यं जुळवायचो. फरहबागेच्या कोरड्या तळ्यात आपण निजामशाहीच्या वेळचं पाणी कुठवर असेल त्यावर भांडलो. डोंगरावर सलाबतखानाच्या कबरीपाशी तुझी सायकल पंक्चर झाली आणि तू सगळ्या निजामशाहीला दोष दिलास. माळीवाड्याच्या गणपतीच्या देवळात पुजाऱ्यानं आपल्याला दोघांनाही प्रसाद दिला, नाव विचारलं नाही. हे सगळं पुस्तकात यायचं होतं. मशिदी मी लिहायच्या आणि देवळं तू, असं सुरुवातीला ठरलं. मग तूच म्हणालास, उलट करू, मजा येईल. त्या उलट करण्यावर मी किती भाळलो होतो हे तुला कधी सांगितलं नाही.

आता दिवाळीतलं सांगतो. तू तिथं होतास, तरी सांगतो, कारण तुझ्या लेखात ते तसं नाही. आमच्या गल्लीतल्या धाकट्या मशिदीच्या मागच्या भिंतीला पोट सुटलं होतं आणि ती उतरवून परत बांधायचं काम अब्बांकडे आलं होतं. जुन्या बांधकामातला चिरा बाहेर काढला की त्याची पाठ लगेच गोणपाटाखाली झाकायची, ही आमच्या गवंडी लोकांची रीत. परक्या माणसानं पाठ बघायची नाही. अब्बांनी मलाही ती कधी दाखवली नव्हती, आणि शिकून साहेब होणाऱ्या पोरानं दाखवा म्हणावं असंही त्यांना वाटलं नसेल. ते दुपारी जेवायला गेले होते. गोणपाट मी उचललं. मी. हे कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही, ते माझंच आहे. काळ्या दगडावर एक कमळ निघालं आणि तू गुडघ्यांवर बसून ते असं न्याहाळलंस की मला अभिमान वाटला, जणू ते मीच कोरलं होतं.

मग अब्बा आले. मला वाटलं आता दोघांचीही चामडी लोळवतात. त्यांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि पाहुणा म्हणून तुला सगळं समजावून सांगितलं. शब्द न शब्द माझ्या कानात आहे. ‘राधाकिसनराव, चिऱ्याचं तोंड मालकाचं, पाठ शिकनाऱ्याची. नव्या हातानं तोंडावर टाकी घातली तर चिरा वाया जातो. पाठीवर काय बी काढा, चुन्यात गाडलं जातंय. ही बघा, सात पाकळ्या ऐसपैस काढल्या आन् आठवीला जागाच उरली न्हाई. ह्याला उस्तादाची एक बसली असंल.’ तू विचारलंस, मग मशिदीच्या दगडावर कमळच का? अब्बा म्हणाले, ‘सोपं पडतं म्हनून. गोल काढायचा आन् वाटे पाडायचे. घोडा काढून बघा तुमी.’ तू इतका हसलास की तुझी पेन्सिल खाली पडली. मग तू ती उचललीस आणि तिथंच, अब्बांच्या समोर, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत ते फूल उतरवलंस. सात पाकळ्या आणि कोपऱ्यात चेंगरलेली आठवी. अब्बांनी वही हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, ‘हात चांगला हाय तुमचा. फुकट गेला.’ निघताना तू त्यांना शब्द दिलास की हे कुठं छापणार नाही. त्यांनी मागितला नव्हता. तू आपणहून दिलास.

जानेवारीत तुझ्या साप्ताहिकाचा अंक इथं आला. ‘पाषाणाची पाठ बोलते’. लुप्त देवालयाचा अवशेष, मिस्त्री लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मौन, गोणपाटाखाली दडवलेलं सत्य. गोणपाट तुला फार उपयोगी पडलं. अब्बांचं बोलणं कुठंच नाही. ते संपादकांनी कापलं असेल, मी एक वेळ मानलं असतं, खरंच मानलं असतं, कारण मला ते मानायचं होतं. पण लेखाबरोबर चित्र आहे, राधाकृष्ण. चित्राखाली तुझी सही आहे. आणि त्या चित्रातल्या कमळाला आठ पाकळ्या आहेत, सारख्या, मोकळ्या, एकीनं दुसरीला धक्का न लावणाऱ्या. कात्रीनं वाक्य जातं. कात्रीनं पाकळी उगवत नाही. ती तू बसून काढलीस. जागा नव्हती म्हणून बाकीच्या सातही तुला थोड्या सरकवाव्या लागल्या असतील. किती वेळ लागला? मध्ये चहा घेतलास का? चारशे वर्षांपूर्वी कुणा नवशिक्याचा हिशेब चुकला, तो चुकला म्हणून तर कळत होतं की ही शिकवणी आहे, देऊळ नाही. ती चूक तू सुधारलीस आणि दगड खोटा केलास.

इथं काय झालं ते तुझ्या कानावर अर्धंमुर्धंच आलेलं दिसतं. दिवस असे आहेत की गावात कुणी मोठ्यानं खोकलं तरी दोन्हीकडची माणसं खिडकीत येतात. तुझा अंक हातोहात फिरला. एका बाजूचे लोक अर्ज घेऊन कचेरीत गेले; दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे आमचे, अब्बांच्या दारात आले. मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली गनीभाई सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मिस्त्री, चाळीस वर्षं तुम्ही चिऱ्याची पाठ कुणाला दिसू दिली नाही, आणि तुमच्या साहेबजाद्याला एकाएकी प्रदर्शन भरवायची हौस आली?’ अब्बांनी मान खाली घातली. मीही. प्रांतसाहेबांनी काम थांबवलं आणि हुकूम काढला की चिरा आहे तिथंच राहील, चौकशीच्या दिवशी ते स्वतः बघतील. पंचनामा झाला, गोणपाटाला दोरी बांधली, दोरीला लाखेचं सील ठोकलं, एक शिपाई बसवला. अब्बांच्या बाजूनं बोलली फक्त छबूबाई. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली चुन्याची घमेली वाहतेय. पंचांना म्हणाली, ‘माज्या जात्याच्या बुडाला बी असलंच फूल हाय. मिस्त्रीच्या उस्तादानं दिल्यालं जातं हाय ते. मंग माज्या घरात बी सील ठोकता का? दळान कशावर करू?’ सगळे हसले. कारकुनानं ते लिहून घेतलं नाही. जात्याचा पुरावा कोण धरतो!

मला वाटत होतं, चौकशीत प्रांतसाहेब पाठ बघतील, चेंगरलेली पाकळी बघतील, अब्बा बोलतील आणि सगळं मिटेल. अब्बांना तर खात्रीच होती. ‘दगड खोटं बोलत न्हाई,’ इतकंच म्हणत. पण चौकशीच्या तीन दिवस आधी, शनिवारी सकाळी शिपायाला सील तुटलेलं दिसलं. गोणपाट काढलं तर पाठीवर फूल नव्हतं. नुसते घाव होते, वेडेवाकडे, कुठं खोल तर कुठं वरवर, कोंबड्या माती उकरतात तसे. गावात लगेच पसरलं, पुरावा मारला. देऊळ होतंच म्हणून मारला. प्रांतसाहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? अब्बा पुढं झाले आणि म्हणाले, मी. चाळीस वर्षं टाकी चालवलेला माणूस त्या घावांकडे बोट दाखवून म्हणाला की हे माझ्या हातचे. तिथं जमलेल्या गवंड्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसापासून अब्बांना कुणी चूल घालायलासुद्धा बोलावलेलं नाही. काहींना वाटतं त्यांनी पाप केलं, काहींना वाटतं म्हाताऱ्याचा हात गेला. दुसरं त्यांना जास्त लागतं. आता अठरा तारखेला, मंगळवारी, सुनावणी आहे. सरकारी सील तोडलं म्हणून सहा महिने तरी होतील असं वकील म्हणतात.

ते घाव माझे आहेत. त्या शुक्रवारी गल्लीत बातमी होती की दुसऱ्या दिवशी मिरवणूक येणार आणि चिरा उचलून नेणार. दुरुस्तीमुळे जुम्म्याच्या नमाजेला सगळे दुसऱ्या मशिदीत गेले होते, शिपाई जेवायला गेला होता. मला वाटलं, फूलच नसलं तर भांडण कशावर करतील. अब्बांची टाकी घेतली आणि ते पुसायला गेलो, आणि त्याबरोबर अब्बांच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार पुसला. वर गोणपाट होतं तसं ओढून आलो, म्हणून शिपायाला सकाळपर्यंत कळलं नाही. आम्ही घरात आमच्या दखनीत बोलतो, मराठी अब्बा फक्त कामावर बोलतात, हाताखालच्या माणसांशी. कबुली देऊन ते घरी आले, हातपाय धुतले, माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, ‘टाकी उभी धरत्यात व्हय रे?’ आणि जेवायला बसले. एवढंच. परत तो विषय नाही. म्हणून हे पत्र. मंगळवारी मी प्रांतसाहेबांपुढं उभा राहून सांगणार आहे की हे मी केलं. पण बापाला सोडवायला मुलगा असं म्हणणारच, असं तेही म्हणतील, आणि फुलाचा प्रश्न तसाच राहील. त्या दगडाची खरी पाठ आता जगात एकाच ठिकाणी आहे, तुझ्या निळ्या वहीत. ती घेऊन ये. सोमवारच्या सर्व्हिस मोटारीनं निघालास तरी पोचशील. वही दाखवलीस तर तुझा लेख खोटा ठरेल, कदाचित नोकरीही जाईल, हे मला कळतं. मी तुला माफ करीन असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही, आणि साधं लिहायचं कबूल केलंय. माफी न मिळता येणार असशील, तर ये.

एके काळचा, आणि मंगळवारी दुपारपर्यंत तरी, तुझाच
कमरुद्दीन