भरून ठेवलेली बॅटरी

उंद्री, १२ मार्च १९६६

प्रिय जनका,

माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालू नको. तिसरीपर्यंतची शाळा, त्यात हात जड झालेला. एवढं लिहायले दोन दुपारी गेल्या, तर वाच.

माझ्या पंजाबचं लग्न माघात झालं. एकुलत्या पोराच्या लग्नाले तुले, जिवाच्या मैत्रिणीले, बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार होती? मांडवात भोंगा लावायचा म्हणून ह्यांची बॅटरी पेटीतून काढली. आमचे हे गेल्यापासून तीन वर्षं मी तिले जपून ठेवली होती. दर बाजाराच्या दिवशी पुसायची, खोबरेल लावायची, ह्यांच्या धोतरात गुंडाळून परत ठेवायची. धुळीचा कण बसू दिला नाही. तारा जोडल्या, तर भोंगा साधा खरखरलाही नाही. जयंतीले पाच गावांत ज्यांचा भोंगा वाजायचा, त्यांच्याच पोराचा मांडव मुका राह्यला.

लग्न उरकल्यावर ते धूड मांडीवर घेऊन एस्टीनं खामगावले गेली. तेजाब सांडून लुगड्याले भोकं पडली, कंडक्टर बडबडला तो वेगळाच. बॅटरीवाल्यानं झाकण काढून आतल्या शिशाच्या पट्ट्या दाखवल्या. ओल्या भिंतीले लोणा चढतो ना, तशा पांढऱ्या. मी म्हटलं, एकदाही वापरली नाही, मग खराब काऊन झाली बे?

“मावशी, ठेवली म्हणूनच झाली.”

म्हणे, नुसती ठेवली तरी ती आतल्या आत उतरते. महिन्या-दीडमहिन्याले भरत राहावी लागते, नाही तर पट्ट्यांवर हे पांढरं धरते. एकदा घट्ट बसलं की कितीही भरा, घेत नाही. मी त्याच्यावरच डाफरली अन् बाहेर पायरीवर जाऊन बसली.

तुम्ही अजून इथंच उंद्रीत राहत होते, तेव्हा तुझ्या थोरल्या तानाच्या लग्नात तू हळदीच्या हातानं माझ्या दारात बॅटरी मागायले उभी होती अन् मी नाही म्हटलं. तू म्हणाली, भिमा, तू इतकी चिकट असशील वाटलं नव्हतं. मी दार लावून घेतलं. जनका, ती बॅटरी ह्यांनी जायच्या चार दिवस आधी खामगावहून भरून आणली होती. वाजवली तर त्यांच्या हातचं भरलेलं सरून जाईल, एवढंच डोक्यात होतं. ते पेटीतच सरलं, अन् मी वरून खोबरेल लावत बसली.

आता पट्ट्या नव्या टाकून घेतल्या. झुंबरबाई सांगत होती, वैशाखात तुझ्या धाकटीचं लग्न आहे. मी पत्रिकेची वाट पाहत नाही. आदल्या दिवशी भोंगा अन् बॅटरी घेऊन मलकापूरले येते. माझ्याशी बोलायचं का नाही ते तू पाहा, पण वरात निघेपर्यंत वाजू दे. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून भरायले नेऊ. उतरलेली तशीच ठेवायची नाही, असं त्या बॅटरीवाल्यानं बजावलं आहे.

दार लावलं तरी तुझीच,
भिमा