दक्षिणेकडचा जून

प्रिय मित्रा,

कार्यालयात मी तुला 'साहेब' म्हणतो. हे पत्र कार्यालयाचे नाही, म्हणून कॉलेजच्या जुन्या नात्याने एकेरीवर येतो. राग मानू नकोस. मार्च महिन्यात तू मला केबिनमध्ये बोलावून तुझ्या आणि वहिनींच्या परदेश प्रवासाविषयी पाच प्रश्न विचारलेस. पाचही प्रश्नांची उत्तरे मी तिथल्या तिथे दिली आणि ती शब्दशः खरी होती. सहावा प्रश्न तू विचारला नाहीस. इतक्या दूरच्या प्रवासाला निघणारा माणूस जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, तोच नेमका राहून गेला: तिकडे जाण्याचा योग्य काळ कोणता? काम अर्धवट ठेवणे माझ्या स्वभावात नाही. ते उत्तर आज लिहून देतो.

तुझ्या-माझ्यात कामाची वाटणी कधी ठरवून झाली नाही, ती होत गेली. बी.कॉम.च्या परीक्षेआधी व्हरांड्यात उभा राहून तू म्हणायचास, 'मी काही वाचत बसत नाही, तू थोडक्यात सांग.' मी थोडक्यात सांगायचो आणि तू माझ्यापेक्षा चार गुण जास्त घ्यायचास. पुढे एकाच दिवशी आपण या विमा कंपनीत लागलो. तू बोलत गेलास आणि वर चढत गेलास. मी वाचत राहिलो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळ, भिजलेल्या मालाच्या आणि बुडालेल्या जहाजांच्या दाव्यांपाशी राहिलो. तुझ्या सहीने बाहेर जाणारे प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावरून जाते. एकदा तू एका जहाज कंपनीला एकतीस नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली होतीस. मी ती तारीख तीस केली, तेव्हा सगळ्या विभागासमोर हसत तू म्हणालास, 'आमचा स्वल्पविराम! हा नसता तर मी महिनाच एक दिवसाने वाढवला असता!' तेव्हापासून शिपायापर्यंत सगळे माझ्या पाठीमागे मला स्वल्पविराम म्हणतात. त्याचे मला दुःख नाही. ती खूण फार लहान असते. पण ती जागेवर नसली की अर्थाचा अनर्थ होतो, हे तुला कळायला एकतीस वर्षे लागली.

त्या दिवशी तू खुर्चीत रेलून बसला होतास आणि पेंग्विनांच्या चित्रांचे माहितीपत्रक टेबलावर पालथे पडले होते. 'जून नक्की केलाय,' तू म्हणालास. 'ऑफिसात काम कमी असतं, आणि परदेशात जूनमध्ये हवा कशी झकास असते! पार जगाच्या दक्षिण टोकाला जायचं. सरोवर, बर्फाचे डोंगर, बोटीतून फेरफटका. तू बघून घे रे सगळं, मला ते फॉर्म-बिर्म वाचायचा कंटाळा येतो.' मग प्रश्न सुरू झाले. हॉटेल मिळेल का? मी म्हणालो, भरपूर खोल्या रिकाम्या असतात. गर्दी असेल का? अजिबात नसेल. खोलीतून सरोवर दिसेल का? खिडकी थेट सरोवरावर उघडते. तारखा पक्क्या होतील ना? इतक्या पक्क्या, की एकदा आरक्षण झाले की त्या बदलता येणार नाहीत. आणि तिथे उकडेल का? नाही, उकडणार नाही. 'सुटलो बुवा या घामातून!' म्हणत तू टाळीसाठी हात पुढे केलास आणि मी टाळी दिली.

तो देश मला नवा नव्हता. सात वर्षांपूर्वी मी त्याची एकेक वाट नकाशावर चाललो होतो. माझी पत्नी पंचवीस वर्षे भूगोल शिकवत होती. टेबलावर दिवा ठेवून आणि पृथ्वीचा गोल तिरपा धरून ती मुलांना दाखवायची, की आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा खालच्या लोकांकडे हिवाळा असतो. त्या 'खालच्या लोकां'चे सरोवर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढी एकच हौस तिने लग्नानंतर मला बोलून दाखवली. मी 'पुढे बघू' म्हणत राहिलो. तो दोष माझा, तो तुझ्या माथी मारत नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की तिची दृष्टी कडांकडून मिटत येणार, फार तर वर्ष हाती आहे. त्याच आठवड्यात मी जानेवारीची तिकिटे काढली. जानेवारीच का? तिकडे तेव्हा भर उन्हाळा असतो. रात्री दहापर्यंत उजेड, सरोवरात बोटी, किनाऱ्यावर पेंग्विनांची पिल्ले. कमी डोळ्यांना जास्त उजेड हवा, इतका साधा विचार होता. रजेचे कारण मी तुला एकट्यालाच सांगितले होते. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून अर्जावर सही केलीस.

निघायला चार दिवस उरले असताना तू मला बोलावलेस. मुख्य कार्यालयातून तपासणीला माणसे येणार होती. 'तुझ्याशिवाय त्यांच्यासमोर कोण बसणार?' मी तिच्या डोळ्यांची आठवण दिली. त्यावर तू म्हणालास, 'अरे, डोळे काय पाच महिन्यांत जातात? जूनमध्ये जा की! मी स्वतः तुला महिनाभर सोडतो.' मी उभ्याउभ्या तुला समजावून सांगितले. जूनमध्ये तिकडे कडाक्याचा हिवाळा असतो. घाट बर्फाने बंद होतात, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, पेंग्विन एप्रिलमध्येच समुद्रात निघून जातात. सूर्य अकरानंतर डोंगरावर येतो आणि सव्वातीनला पुन्हा डोंगराआड जातो. मी हे सांगत असताना तू फोन उचललास, आणि हातानेच 'हो, हो, कळलं' अशी खूण करून मला दार दाखवलेस. तपासणीची माणसे आली, दीड तास बसली आणि चहा पिऊन गेली. त्या दिवशी तू मेहुण्याच्या लग्नाला गेला होतास.

पुढच्या वर्षी मी पुन्हा तिकिटांचा विषय काढला, तेव्हा तिनेच नकार दिला. 'अहो, किल्लीच्या भोकातून डोंगर बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?' आता ते भोकही बुजले आहे. ती घरात भिंतीला बोटे लावून चालते. स्वयंपाकघराच्या चौकटीचा रंग एका विशिष्ट उंचीवर झिजून आतले लाकूड दिसू लागले आहे. या सात वर्षांत तू मला अगणित गोष्टी विचारल्यास. 'काय रे, ती तुमची सहल झाली का?' एवढे मात्र एकदाही विचारले नाहीस.

म्हणून मार्चमध्ये तू 'जून' म्हणालास तेव्हा मी थांबलो. खरोखर थांबलो, तुझ्यामागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरेपर्यंत. मला वाटले, तुला आठवेल. याच केबिनमध्ये, याच खुर्चीत बसून तू हे सारे ऐकले होतेस. तुझ्या कपाळावर एखादी जरी आठी पडली असती, तरी मी सगळे पुन्हा सांगितले असते. आठी पडली नाही. न ऐकलेले आठवणार तरी कसे? त्या अर्ध्या मिनिटात मी ठरवले, की एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तुझी चूक जशीच्या तशी बाहेर जाऊ द्यायची.

घरी हे लपवले नाही. आरक्षणाचा कागद मी पत्नीला वाचून दाखवला. 'जून? तिकडे? कोण हा शहाणा?' ती इतकी हसली की हातातला कप खाली ठेवावा लागला. तुझे नाव कळल्यावर हसू थांबले. 'तुम्ही सांगायला हवं त्यांना.' मी म्हणालो, 'सांगितलं होतं, सात वर्षांपूर्वी. माझ्या रजेच्या वेळी.' ती बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग शाळेतल्या जुन्या आवाजात म्हणाली, 'समजावून सांगताना जो लक्ष देत नसे, त्याला मी वर्गाबाहेर उभं करायची. बाहेर थंडी असली तरी.'

वहिनींवर मात्र अन्याय नको होता. त्यांना मी फोन करून सगळे सांगितले आणि त्यांनी नको म्हटले असते तर तिकिटे रद्द करण्याचीही तयारी ठेवली होती. त्यांनी शांतपणे विचारले, 'भाऊजी, हे यांना माहीत आहे?' 'त्यांनी विचारलं नाही, वहिनी.' पलीकडून खुदकन हसू. 'मग मीही नाही सांगत. मी आपली लोकरीचे कपडे आणि सहा कादंबऱ्या घेते. यांनी अर्ध्या चड्ड्या घेऊन ठेवल्यात, घेऊ देत! अठरा दिवस कुठे पळून जाता येणार नाही ना यांना? मलाही जरा बोलायचंय यांच्याशी. पंचवीस वर्षांचं साचलंय.' तुझा जाड कोट त्यांच्या बॅगेत तळाशी आहे. तू आजारी पडावास अशी कोणाचीही इच्छा नाही.

हे पत्र मी तीन आठवडे आधीच त्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवत आहे. पाकिटावर 'पाहुणे येईपर्यंत राखून ठेवावे' असे लिहिले आहे. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा सत्तावीस तासांचा प्रवास झालेला आहे आणि खिडकीबाहेर बर्फाशिवाय काही नाही. मी गप्प राहिलो असतो तरी हे अठरा दिवस तुला चुकले नसते. मग पत्राचा खटाटोप कशाला? कारण मी तुला ओळखतो. परत येऊन तू चार माणसांत टाळ्या देत सांगितले असतेस, 'काय नशीब बघा आमचं, गेलो आणि नेमका हिवाळा!' लोक हसले असते, आणि जिथे माझ्या पत्नीला जाता आले नाही तो देश तुझ्या तोंडी एक विनोद होऊन राहिला असता. तेवढे मी होऊ देणार नाही. यात नशिबाचा काही संबंध नाही. हा काळ एका माणसाने पूर्ण शुद्धीत, तारीख-वार पाहून, तुझ्यासाठी राहू दिला आहे. तू परत येशील तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे टेबल रिकामे असेल. यापुढे तुझी पत्रे तूच वाच. राहता राहिले उत्तर: तिकडे जाण्याचा योग्य काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. एकोणिसाव्या दिवशी तू विमानात बसशील आणि पुन्हा लख्ख उजेडात उतरशील, हे मला ठाऊक आहे. ही शिक्षा अपुरी आहे, हे मला मान्य आहे.

तुझाच,
एकतीस वर्षांचा सहकारी